एकच रापण

राय धान्याच्या पिठाच्या जाड पारीतला माशांचा कुक्को भट्टीतून काढून लेम्पीने तो टॉवेलात गुंडाळला, वर लोकरीची शाल टाकली आणि बाकावर ठेवून दिला. आतले मासे रात्रभर शिजून काट्यांसकट मऊ झालेले असणार. सोडतीच्या दिवशी ती दरवर्षी एकच कुक्को करायची, आणि तो सुरीने बरोबर मधोमध कापून अर्धा स्वयंपाकघरात, अर्धा बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवायची. स्वयंपाकघरात थोरला ओइवा बसायचा, बाहेरच्या खोलीत धाकटा तौनो. मधल्या दारात उभी राहून लेम्पी सोडत काढायची, होंकावेसी तळ्याच्या कोणत्या अंगाला यंदा कुणी आपली रापण, म्हणजे टोळीने ओढायचं मोठं जाळं, टाकायची. दोघे भाऊ आपापल्या जागेवरून ऐकायचे, मान हलवायचे, कॉफी संपवायचे आणि वेगवेगळ्या दारांनी निघून जायचे. पंचवीस-सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं. लेम्पीच्या एवढ्याशा घराला दोन दारं होती म्हणूनच ते चाललं होतं.

यंदाची सोडत मात्र जागांची नव्हती. यंदा तळ्यावर एकच रापण जाणार होती.

मुइक्कू कमी झाला होता. लागोपाठ दोन हिवाळे बर्फाखालून जाळी ओढली तर जाळ्याच्या मधल्या खोळीत तो चंदेरी मासा निम्माही नसायचा, आणि जो असायचा तो बारीक. संशोधन केंद्रातल्या बाईने येऊन स्वच्छ सांगितलं होतं की तळ्याला जरा श्वास घेऊ द्या. मग पाणीमंडळ बसलं. काठावरच्या ज्या घरांचा तळ्यात वाटा आहे ती सगळी घरं आली. एका रापणीच्या बाजूने जेवढे हात वर गेले, तेवढेच विरुद्ध गेले. अध्यक्षाचा हात राहिला होता. अध्यक्ष लेम्पी. शाळेच्या भटारखान्यात तीस वर्षं पोरांना जेवू घालून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, दोन भावांच्या मधली बहीण. तिने खिडकीबाहेर बघत हात वर केला होता. तेव्हापासून दोघांपैकी एकाही भावाने तिला फोन केला नव्हता.

पायऱ्यांवर बूट झटकल्याचा आवाज आला. ओइवा आणि त्याची मुलगी साइला आत आले.

"दार लावा, थंडी येते आत," लेम्पी म्हणाली. "बस. कॉफी तयार आहे."

"मी उभाच बरा."

"गुडघे दुखतात तुझे. उभा कसला बरा? रुसलायस होय?"

"रुसतोय कशाला. अध्यक्षबाईंसमोर बसायचं तर परवानगी लागत असेल."

"लागते ना. दिली, बस."

साइलाने हसू दाबलं. ती शेहेचाळीस वर्षांची होती, खांद्याने रुंद, आणि गेली बारा वर्षं बापाच्या रापणीची खरी प्रमुख तीच होती. "आत्या, सरपण आणते," असं म्हणून ती टोपलं घेऊन बाहेर गेली.

ओइवा टेबलाच्या कडेला टेकला. कप पुढे ओढला, पण प्यायला नाही.

"लेम्पी, ठराव बरोबर होता," तो म्हणाला.

लेम्पीच्या हातातली किटली तशीच राहिली.

"मी तुझ्या जागी असतो तरी तेच केलं असतं. फक्त हात वर करताना एकदा इकडे बघायला हवं होतंस."

"बघितलं असतं तर हात वर गेला नसता," लेम्पी म्हणाली, आणि त्याच्या कपात कॉफी असूनही तिने आणखी ओतली.

*

लाकडाच्या खोपटात यार्को आधीच उभा होता. तौनोकाकांचा मुलगा. त्याने ओंडक्यावर दोघांसाठी जागा करून ठेवली होती, म्हणजे तिची वाट बघत होता.

घरच्यांच्या लेखी ही दोघं चुलत भावंडं एकमेकांशी बोलत नव्हती. प्रत्यक्षात दर सकाळी त्यांचे फोनवर निरोप चालायचे. खाडीच्या तोंडाशी बर्फ किती जाड आहे, वाऱ्याने कुठे फट पडली, स्नोस्कूटर कुठून घालू नये. सुरुवात साइलाने केली होती. यार्को बर्फात अडकल्यावर नव्हे, तर अडकेल म्हणून आदल्या दिवशीच.

"काका कसे आहेत?" तिने विचारलं.

"गप्प. नेहमी गप्प असतात, पण हे वेगळं गप्प आहे. आई म्हणते पोट बिघडलंय." यार्को हसला आणि मग त्याचं हसू विरलं. "साइला, आमचं नाव निघालं तर वाईट, नाही निघालं तरी वाईट. निघालं तर तू घरी बसणार. नाही निघालं तर बाबा."

"आणि तू?"

"मी काय." त्याने एक ढलपी उचलून बोटांत फिरवली. त्याची बायको योएनसूच्या इस्पितळात नर्स होती. मुलगी तिकडेच शाळेत होती. दर शुक्रवारी तो दीडशे किलोमीटर गाडी हाणत जायचा आणि रविवारी परत यायचा. "काल पिल्वी फोनवर म्हणाली, बाबा, तुम्ही पाहुणे आहात का?"

 साइलाने त्याच्या टोपीवरचा भुसा झटकला.

"ऐक," ती म्हणाली. "कुणाचंही नाव निघू दे. जो जिंकेल त्याने दुसऱ्याला आपल्या रापणीत घ्यायचं. सात माणसं लागतातच. गावातलं एक कमी घेऊ."

"तुझे बाबा मला बर्फावर पाय ठेवू देतील?"

"तुझे बाबा मला देतील का?"

दोघांनी विचार केला. दोघांनाही उत्तर माहीत होतं.

"तरी ठरलं," यार्को म्हणाला आणि तिच्या टोपल्यात लाकडं भरू लागला.

*

तौनो बाहेरच्या खोलीत, नेहमीच्या खुर्चीत बसला होता. शेजारी त्याची बायको इर्या विणकाम घेऊन बसली होती. मधलं दार उघडं होतं, आणि त्या दारातून त्याला ओइवाचा फक्त एक कोपर आणि कॉफीचा कप दिसत होता. इतकी वर्षं भाऊ म्हणजे एक कोपर.

तो तरुणपणी स्वीडनला गेला, गोथेनबर्गच्या मोटार कारखान्यात. तेव्हा अर्धं गाव गेलं होतं. बाकीचे परत आले किंवा तिकडचेच झाले. तौनो ना धड इकडचा ना तिकडचा राहिला, आणि बाप गेल्यावर बायको आणि पंधरा वर्षांचा यार्को यांना घेऊन परतला. रापणीत अर्धा वाटा मागितला. ओइवा म्हणाला, "तू तळं सोडून गेलास. तळ्याने तुझी वाट बघायला हवी होती का?" त्या एका वाक्यावर दोघे कोठारात गेले, बापाने विणलेलं जाळं जमिनीवर पसरलं आणि सुरीने मधून कापलं. जाळ्याचा एक हात, म्हणजे एक बाजू, त्याला, दुसरा ह्याला, मधली खोळ कुणालाच नाही. अर्ध्या रापणीने मासा मिळत नाही. दोघांनीही पुढचा अख्खा उन्हाळा आपापल्या अंगणात उरलेला अर्धा भाग विणण्यात घालवला, आणि एकमेकांच्या अंगणाकडे पाठ करून विणला.

लेम्पी मधल्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात लोकरीचा मोजा होता आणि दोन लाकडी बुचं, जाळ्याच्या वरच्या दोराला लावतात तशी. एकावर ओइवाच्या घराची खूण कोरलेली, दुसऱ्यावर तौनोच्या. साइला आणि यार्को सरपण घेऊन आत आले आणि भट्टीपाशी उभे राहिले.

"आता टाकते," लेम्पी म्हणाली. "जे निघेल ते. नंतर कुरकुर नको."

तौनो उठला. नाताळपासून तो हे मनात घोळवत होता. त्याने इर्यालाही सांगितलं नव्हतं, कारण इर्याला सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत बसच्या ड्रायव्हरला कळते.

"माझं बूच टाकू नकोस," तो म्हणाला.

इर्याच्या सुया थांबल्या. दारातून दिसणारा कोपर हलला.

"काय म्हणतोय तो?" स्वयंपाकघरातून ओइवाने विचारलं. लेम्पीला.

"तुझे कान शाबूत आहेत. त्यालाच विचार."

"विचार त्याला, का म्हणून?"

"त्याला सांग," तौनो लेम्पीला म्हणाला, "की साइला या तळ्यावरची सगळ्यात चांगली रापणवाली आहे. मी खिडकीतून बघतो रोज. ती बर्फावर चालते तेव्हा तिच्या पायाला आधी कळतं. तिने घरी बसायचं आणि मी ओढायची, हे मला बघवणार नाही. सांग त्याला."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आणि मग ओइवा मधल्या दारात आला. लेम्पी बाजूला झाली. इतक्या वर्षांत ह्या दारात तो कधी उभा राहिला नव्हता. तौनोला वाटलं, हा म्हातारा केव्हा झाला? मग लक्षात आलं, की ओइवाही त्याच्याकडे तसाच बघतोय.

"मूर्ख माणसा," ओइवा म्हणाला. "मी माझं बूच काढून घ्यायला आलो होतो."

"कशाला?"

"तुझ्या मुलाला मुलगी आहे. रापण राहिली तर ती सगळी इकडे येतील, घर टिकेल गावात. शाळेत एकूण पोरं किती राहिलीत, माहितीये तुला?"

"मी आधी बोललो. मी सोडली."

"मी आधी ठरवलं होतं!"

"ठरवलं तर बोलायचं होतंस!"

"तू बोलू कुठे दिलंस!"

"तू माझ्याशी बोलतोस तरी कुठे!"

दोघे थांबले. बोलत होते खरे. चांगले ओरडून बोलत होते. लेम्पीने मोजा छातीशी धरला होता आणि ती जमिनीकडे बघत होती.

पहिली भडकली ती इर्या. विणकाम मांडीवरून खाली पडलं. "वा! म्हणजे तुमच्या दोघांत वाटण्या झाल्या. कोण किती मोठ्या मनाचा ते ठरलं. पोरांना विचारलंत का कुणी?"

"बाबा." साइला भट्टीपासून पुढे आली. तिचा आवाज अगदी खाली होता. "तुम्ही माझी रापण देऊन टाकलीत? मला न विचारता?"

"साइला, त्याच्या घरात पोर आहे–"

"आणि मला पोर नाही म्हणून मला तळं नको?"

 ओइवा तिच्या दिशेने एक पाऊल पुढे आला.

"तसं नाही," तो म्हणाला. "तुला सगळं येतं. तू पाण्यात नुसत्या उभ्या लावून ठेवायच्या जाळ्यांवरही निभावशील. तू कशावरही निभावतेस. आई गेली तेव्हाही तूच निभावलंस. म्हणून मला वाटलं–"

"मला निभावायचं नाहीये, बाबा. मला रापण ओढायची आहे."

हे ती रडत म्हणाली असती तर ओइवाला सोपं गेलं असतं. ती रडत नव्हती.

यार्को आपल्या बापाकडे बघत होता. "मी वाईट ओढतो का?" त्याने विचारलं.

"तू चांगला ओढतोस," तौनो म्हणाला.

"मग?"

"तुला ओढायचं नसतं."

यार्कोच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकून गेलं. "हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"तू पंधराचा होतास. पहिल्याच हिवाळ्यात."

"मग बोलला का नाहीत?"

तौनोने टोपी काढली, पुन्हा घातली. घरात कुणी टोपी घालत नाही. "बोललो असतो तर तू गेला असतास," तो म्हणाला.

इर्याने खाली पडलेली लोकर उचलायला म्हणून वाकून तोंड लपवलं.  यार्को बापाजवळ गेला आणि त्याच्या डोक्यावरची टोपी काढून खुंटीला अडकवली.

*

लेम्पीने खोकून घसा साफ केला. हातातली बुचं तिने टेबलावर ठेवली, दोन्ही.

"आता अध्यक्ष म्हणून बोलते," ती म्हणाली. "दोघांनी नावं काढून घेतली तर सोडतच होत नाही. आज संध्याकाळपर्यंत कुणी नाव दिलं नाही तर या हिवाळ्यात तळ्यावर रापणच नाही. आणि एकदा मोडलेली वहिवाट पुढच्या वर्षी मंडळ परत चालू करेलच असं मी सांगू शकत नाही. अर्धे लोक म्हणतातच, की हे सगळं बंद करून शहरातल्यांना गळ टाकायला भाड्याने द्या."

"म्हणजे?" ओइवा म्हणाला.

"म्हणजे तुमच्या मोठ्या मनाने तुमच्या बापाची रापण बुडाली."

भाऊ एकमेकांकडे बघणं टाळत होते, आणि त्यासाठी दोघांनाही लेम्पीच्याच चेहऱ्याकडे बघावं लागत होतं.

"आमचं नाव घाल, आत्या," साइला म्हणाली.

"कुणाचं?"

"माझं आणि यार्कोचं. एकत्र. एक रापण, एक टोळी."

"हे तुमचं कधी ठरलं?" इर्याने विचारलं.

"खोपटात," यार्को म्हणाला. "आम्ही बोलतो, आई. किती वर्षं झाली बोलतोय."

"मला माहीत होतं," इर्या म्हणाली.

"तुला माहीत होतं आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?" तौनोने आश्चर्याने विचारलं.

"सगळंच सांगत नाही मी."

ओइवा खुर्चीत बसला. तौनोच्या खोलीतल्या खुर्चीत, पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही. "जाळं कुणाचं?" त्याने विचारलं. आवाजात आधीची धार नव्हती. "दोन जाळी आहेत. दोन्ही मुळात निम्मी बापाची, निम्मी आपण विणलेली."

"बापाची बाजू जोडता येईल," इर्या एकदम म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "दोन्हीकडची, पुन्हा एकत्र."

तौनोने घसा खाकरला. "आमच्याकडची नाही राहिली," तो म्हणाला. "कुजली. आठ-दहा वर्षं झाली, जाळून टाकली."

सगळ्यांनी ओइवाकडे पाहिलं.

"उंदरांनी खाल्ली," ओइवा म्हणाला.

आधी यार्कोला हसू फुटलं, मग साइलाला. इर्याने "शी!" म्हटलं आणि मग तीही हसू लागली. दोन्ही म्हातारे गंभीर होते. पण तौनोची मिशी हलत होती, आणि ओइवा ती बघत होता.

"साइलाचं जाळं घ्या," तौनो म्हणाला. "नवं आहे, मोठ्या आसाचं. बारीक मासा निसटून जातो त्यातून. आणि प्रमुख तीच."

"यार्कोला चालेल का ते?" ओइवाने विचारलं. आणि पहिल्यांदाच मधे लेम्पीला न घेता थेट पुतण्याकडे वळला. "तुला चालेल का?"

"चालेल, ओइवाकाका. पण एक सांगतो." यार्कोने आईकडे बघून घेतलं. "हा हिवाळा. बर्फ वितळेपर्यंत मी आहे. मग योएनसूला जाणार. पिल्वीकडे. कायमचा."

हे कुणालाही नवीन नव्हतं, आणि तरी ते पहिल्यांदाच कुणी मोठ्याने म्हटलं होतं. इर्या उठली, स्वयंपाकघरात गेली आणि शाल सोडून कुक्को बाहेर काढला. तिला सुरी सापडत नव्हती. सुरी तिच्या समोरच होती. लेम्पीने ती तिच्या हातात दिली, आणि मग तिच्या खांद्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"कसा कापू?" इर्याने विचारलं.

"ताटात मावेल तसा," लेम्पी म्हणाली. "सगळे इकडेच बसतील."

*

पहिली ओढ पित्काकारीच्या खडकापासून आत, खोल पाण्यात घ्यायची ठरली. सकाळ स्वच्छ होती आणि बर्फ खणखणीत. सूर्य पाइनच्या शेंड्यांच्या वर फारसा चढत नव्हता, पण सगळं तळं गुलाबी झालं होतं.

ओइवाला आता रापणीत काही काम नव्हतं, तरी तो आला होता. तौनोलाही नव्हतं, तोही आला होता. भोकं पाडून झाली होती. बर्फाखालून लांब वाशाने दोर एका भोकातून दुसऱ्या भोकात पोचवले होते, आणि आता दोन्ही बाजूंची यंत्रं जाळ्याचे दोन हात हळूहळू ओढत होती. डावीकडे यार्को होता, उजवीकडे साइला. मधे जिथे जाळं वर येणार, त्या मोठ्या भोकापाशी साइलाने दोघा म्हाताऱ्यांना उभं केलं होतं आणि हातात धोपटी दिली होती. लांब काठी, टोकाला लाकडी वाटी. ती पाण्यात धपधप मारायची, म्हणजे दोन हातांच्या मधल्या फटीतून निसटू बघणारा मासा घाबरून परत खोळीकडे वळतो. हे काम पूर्वी पोरांना देत.

"मी मारतो," तौनो म्हणाला.

"तुझ्या खांद्याला झेपणार नाही."

"तुझ्या गुडघ्याला झेपेल?"

ओइवाने मारली. दमला तेव्हा न बोलता काठी पुढे केली. तौनोने घेतली. तो दमला तेव्हा परत दिली. असं बराच वेळ चाललं. धपधप आवाज बर्फाखालून दूरवर जात होता.

"केर्त्तूला पुरलं तेव्हा," तौनो काठीकडे बघत म्हणाला, "मी फाटकापाशी होतो."

"बघितलं होतं मी." ओइवाने श्वास घेतला. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. "गर्दीत पहिल्यांदा तूच दिसलास."

"आत यायला हवं होतं."

"मी बोलवायला हवं होतं."

तौनोने मान हलवली आणि काठी त्याच्या हातात दिली. पाळी खरं तर तौनोचीच होती.

खोळ वर आली. पाण्यात करडं, जड काहीतरी हलू लागलं आणि सगळी टोळी भोकाभोवती गोळा झाली. गावातल्या एकाने शीळ घातली. भरली होती खोळ. गेल्या दोन हिवाळ्यांत एवढी भरली नव्हती.

"थांबा," साइला म्हणाली. "वर घेऊ नका."

ती बर्फावर गुडघे टेकून बसली आणि लहान जाळीने खोळीतून ओंजळभर मासे काढले. तळहातावर घेतले. एकेक करून आपल्या मधल्या बोटाशेजारी धरले. बोट मोठं होतं. तिने दुसऱ्या जागेहून आणखी ओंजळ काढली. तेच. मोठ्या आसाच्या जाळ्यातून निसटायला हवे होते ते, पण झुंडच एवढी दाट आली होती की त्यांना वाटच मिळाली नव्हती.

"गेल्या वसंतातली पिल्लं आहेत," ती म्हणाली. "मोठा मासा जवळजवळ नाहीच. यार्को?"

यार्कोने बघितलं आणि मान हलवली.

"खोळ सोडा," साइला म्हणाली.

"काय?" ओइवा म्हणाला.

"काय?" तौनो म्हणाला.

"पाण्यातच आहेत तोवर सोडायचे. वर काढले तर मरतील. खोळीची गाठ सोडा."

"वेड लागलंय का तुला? सकाळपासून सात माणसं राबतायत!" ओइवाचा चेहरा लाल झाला.

"अगं, एवढी खोळ!" तौनो म्हणाला. "तळून खायला बारीकच मागतात लोक!"

"पहिली ओढ कुणी सोडतं का?"

"आमच्या बापाने कधी सोडली नाही!"

"कधीच नाही!"

दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून भोकाच्या एका कडेला उभे होते, आणि दुसऱ्या कडेला साइला ओल्या गुडघ्यांनी बसून त्यांच्याकडे वर बघत होती. तिने दोघांना बोलू दिलं.

"बाबा," मग ती म्हणाली, "पुढच्या हिवाळ्यात हे एवढे होतील." तिने बोटं फाकवून दाखवलं. "आणि त्याआधी अंडी घालतील. आज उचलले तर पुढच्या वर्षी मी इथे नुसतं पाणी ओढीन. मला पुढच्या वर्षी पण ओढायचं आहे."

ओइवा तिच्याकडे बघत राहिला. कानशिलाशी केस पांढरे झालेली ही बाई, आपली मुलगी, पुढच्या वर्षाबद्दल बोलत होती. त्याच्या स्वतःच्या मनात कित्येक दिवसांत पुढचं वर्ष आलं नव्हतं.

"प्रमुख तीच म्हणून तूच म्हणालास," तो तौनोला म्हणाला.

"तू कुठे नाही म्हणालास?"

"मग आता काय?"

"आता काय. वाक."

दोघे वाकले. गुडघे कुरकुरले, कुणाचे ते कळलं नाही. खोळीच्या टोकाची गाठ पाण्यात फुगून घट्ट बसली होती. हातमोजे काढल्याशिवाय सुटणार नव्हती. त्यांनी हातमोजे काढले. चार म्हातारे हात बर्फाच्या पाण्यात एकाच गाठीशी झटत होते, एकमेकांच्या बोटांत अडकत होते, आणि दोघेही एकमेकांना शिव्या देत होते. "ओढू नकोस, सैल कर." "सैलच करतोय, तू दाबून धरलंयस." मग गाठ सुटली. खोळीचं तोंड उघडलं, आणि आतलं सगळं चंदेरी एकदम खाली वळलं. क्षणभर भोकातलं पाणी आतून उजळल्यासारखं झालं, आणि मग काळं, स्वच्छ आणि रिकामं.

 यार्कोने टोपी मागे सरकवली. तो पुढच्या हिवाळ्यात इथे नसणार होता, पण तरीही भोकात वाकून तो बराच वेळ बघत राहिला.

*

पहिल्या ओढीचा मासा लेम्पीच्या तव्यावर पडायचा, हे ठरलेलं होतं. तिने लोणी काढून ठेवलं होतं, तवा तापवला होता, बटाटे उकडत लावले होते. दिवस मावळायच्या सुमाराला सगळे आत आले, बूट काढले, भट्टीभोवती हात शेकू लागले. कुणाच्या हातात बादली नव्हती.

"काय झालं?" लेम्पीने विचारलं. "काही मिळालं नाही?"

"भरपूर मिळाले," तौनो म्हणाला.

"सोडून दिले," ओइवा म्हणाला.

लेम्पीने एकाकडून दुसऱ्याकडे बघितलं आणि मग साइलाकडे. साइलाने खांदे उडवले.  लेम्पीने तवा उतरवला आणि बटाट्यांचं पातेलं टेबलाच्या मधोमध आणून ठेवलं.

"मग आज नुसते बटाटे," ती म्हणाली.

सगळे दाटीवाटीने बसले. बाकावर जागा पुरेना, तेव्हा यार्कोने बाहेरच्या खोलीतली खुर्ची आणली. वाफ निघत होती. इर्याने सगळ्यांना वाढलं, लोण्याचं भांडं फिरलं, आणि काही वेळ फक्त साली सोलल्याचा आणि चमच्यांचा आवाज होता.

तौनोने एक बटाटा मोडला, लोणी लावलं, घास घेतला आणि थांबला. टेबलावरून नजर फिरवली. मग मान वर न करताच हात पुढे केला.

"ओइवा, मीठ दे."

ओइवाने दिलं.